शेरा

सकाळी सातला मी देवळाच्या पायऱ्या उतरतो,
एकवीस वर्षं उतरतोय.
खाली सिमेंटचा खांब, त्यावर रंगवलेली पट्टी,
पांढऱ्यावर काळे आकडे.
नवीन वर्षाच्या आधी एकदा
दात घासायच्या जुन्या ब्रशनं
मी तिचं शेवाळ काढतो.

वहीत रकाने चार :
तारीख, वेळ, पातळी, शेरा.
शेरा दोन बोटं रुंद.
त्यात मी लिहीत आलो : निरंक.

तेव्हा नदी वाचायला सोपी होती.
मार्च लागला की रोज बोटभर खाली बसायची,
कामं उरकलेल्या बाईसारखी, घाई न करता.
एकेक खडक वर यायचा. सगळ्यांना नावं :
म्हातारा, म्हैस, दोघी जावा.
त्यांच्या अंगावर खाय धरायचं,
हिरवं, लांब, ओल्या केसांसारखं.
बुआवान ते गुडघाभर पाण्यात उभी राहून विंचरायची,
तीळ लावून बांबूच्या चौकटीवर वाळवायची.
आमच्या मुलीचं शिक्षण त्या चौकटींवर झालं.

आता आभाळात ढग नाही
आणि नदी चढते.
हे माझ्या वडिलांना सांगितलं असतं
तर त्यांनी आधी माझ्या तोंडाचा वास घेतला असता.

आमच्याकडे नदीला मे-नाम म्हणतात, पाण्याची आई.
आई हल्ली रात्रीची उठते,
दिवा न लावता घरभर फिरते,
भांडी इकडची तिकडे करते.
सकाळी विचारावं तर
तिला काही आठवत नाही.

चौदा मार्च.
आदल्या दिवशी दोन मीटर दहा.
त्या दिवशी तीन मीटर सेहेचाळीस.
मी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
फोनवर संदेश आला तो नऊ वाजता :
वरच्या धरणातून विसर्ग, सेकंदाला इतके घनमीटर,
काठावरच्यांनी काळजी घ्यावी.
पाणी येऊन गेलं होतं पहाटे तीनला.
खामतान कमरेपर्यंत भिजलेला,
हातात होडीचा दोर,
दोराला होडी नाही.

मी वही उघडली.
निरंक लिहायला हात गेला, आणि थांबला.
मग लिहिलं :
बुआवानचा भुईमूग, सहा ओळी, फुलावर आलेला.
खामतानची होडी, इंजिनासह. हप्ते अजून बाकी.
वाळूवर सुरयचं घरटं, अंडी तीन.
पक्षी अजून त्याच जागेवर घिरट्या घालतोय,
जागा नाही.
अक्षर रकान्याबाहेर गेलं,
पंधरा तारखेत शिरलं,
सोळाचीही थोडी जागा खाल्ली.

कचेरीतून वीरसाकचा फोन.
काका, संगणक एवढा मजकूर घेत नाही.
आकडा तेवढा सांगा.
सांगितला.
पोरगा वाईट नाही. जरा वेळ गप्प राहिला,
मग म्हणाला, सुरय म्हणजे तो काळ्या टोपीचा ना?
म्हटलं, तोच.
म्हणाला, माझी आजी त्याला पाहून पेरायची.
आणि फोन ठेवला.

पाणी चार दिवसांनी उतरलं,
तेही न सांगता.
आता निळंशार असतं, तळ दिसतो.
पाहुणे म्हणतात, किती सुंदर.
गाळ वर भिंतीपाशी अडकलाय,
आणि उपाशी पाणी आमचा काठ खातंय,
हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू.
सर्वांत खालची पायरी गेल्या महिन्यात गेली.
मी एक पायरी कमी उतरतो,
पगार तोच.

बुआवाननं भुईमूग पुन्हा लावला.
मी म्हटलं, वर लाव.
म्हणाली, वर माती नाही, वर डांबरी रस्ता आहे.

आज.
वेळ सात.
पातळी दोन मीटर अठरा.
शेरा : म्हैस दिसते. दोघी जावांपैकी एक.
बुआवान पाण्यात, गुडघ्यापर्यंत,
पाठ वरच्या अंगाला.
मी काठावर, तोंड वरच्या अंगाला,
फोन हातात,
आवाज मोठा करून ठेवलेला.