पहिला ठसा

रबाळ्याला, एमआयडीसीतल्या भाड्याच्या गाळ्यात
जस्ताचा पत्रा ॲसिडमध्ये सोडून मी उभी,
कावळ्याच्या पिसाने बुडबुडे सारत.
केसांना चार मिनिटं. गालाच्या खळग्याला नऊ.
बोटांखालच्या अंधाराला किती, अजून ठरत नाही.

शेजारच्या गाळ्याचा वॉचमन, पदाजी मढवी, राहणार गोठिवली.
पहाऱ्याची खुर्ची आहे तिथेच कुठेतरी
आजाच्या खाचराचा बांध होता म्हणतो,
आणि खुर्ची थोडी सरकवून घेतो.
हळदीच्या रात्री बेंजो वाजवायचा.
डीजे आल्यापासून मांडीवर घेऊन वाजवतो,
वायर न जोडता.
ॲम्प्लिफायर नसला की बेंजो केवढासा!
डब्यात अडकलेल्या भुंग्याएवढा.
ट्रेलर गेला की ऐकूच येत नाही.
तो थांबत नाही.

तीन रात्री मी त्याच्यासमोर
मेणावर सुईने ओरखडत बसले.
डोळे मिटलेले. जिभेचं टोक दातांत,
पहिलीतलं पोर ‘क्ष’ काढतं तसं.
डावा हात बटणांवर,
उजव्यात जुन्या सिमकार्डाचा तुकडा.

शाई भरली, पुसली, ओला कागद, वर नमदा,
चाक फिरवलं.
कागद उचलला तर हात उलटे.
ठशात हे होणारच, पंधरा वर्षं ठाऊक आहे मला,
तरी पोटात धस्स झालं:
माझ्या हातून एक माणूस डावखुरा झाला.
आणि कोपराशी ठिपका,
मी न काढलेला.
मेण तिथे फुटलं असणार, ॲसिड घुसलं असणार.

पदाजीने कागद बल्बखाली धरला.
हातांचं काही बोलला नाही.
वाजवताना पाहिलेत कुठे त्याने ते?
ठिपक्यावर मात्र नजर अडली.
‘डास हाय. त्या रातचा.
मना तवा कललाच नाय.’
आणि हलकेच फुंकर मारली.

मग विचारलं, ‘कंचा गाना वाजवतंय मी?’
मला सांगता येईना.
मी तर सुईचाच आवाज ऐकत होते तिन्ही रात्री.
गमतीने त्यानेच कागदाला कान लावला,
आणि गमतीला लागतो त्याहून जरा जास्तच वेळ
तसाच राहिला.

सहाला त्याची पाळी संपली.
सायकल काढली, डबा अडकवला.
कानाच्या पाळीला शाई होती,
मी सांगितलं नाही.