मंगळवारची पाळी

जिना नऊ, दार चौदा.
चावी देताना ओटिलीबाई म्हणाल्या,
"धुण्याची तुझी पाळी मंगळवार, महिन्यातला दुसरा."
माझ्याकडे कपडे ते किती! दोन चादरी, कारखान्याचा झगा.

भिंतीवर पुरुषभर उंच लाल अक्षरं:
व्हिएन्ना शहराने बांधलं, घरबांधणी-कराच्या पैशातून.
ओटिलीबाई हसायच्या. कर कशाकशावर नव्हता?
शँपेनवर, शर्यतीच्या घोड्यावर,
बड्या घरच्या जास्तीच्या मोलकरणीवर.
माझं स्वयंपाकघर म्हणजे
बहुतेक कुणाच्या तरी घोड्याच्या दोन टापा.

त्यांची आई बोहेमियातून आलेली, वीटभट्टीवर.
तिकडे नऊ बिऱ्हाडांना एक नळ, तोही बोळात.
इथे आली आणि आठवडाभर
नळ सोडायची, बंद करायची, परत सोडायची.

कमान राजवाड्याची.
आत राजा नाही; पोरांना डुंबायला गुडघाभर हौद,
दवाखाना, वाचनालय, आणि धुलाईघर,
जिथे पुरुषांना मज्जाव.
एकटा बॉयलरवाला, त्यालाही काचेपलीकडची खुर्ची.

चौतीसच्या फेब्रुवारीत या कमानीवर तोफा डागल्या.
गिलावा तिथे अजून फिकट आहे.
ते सगळेच सांगतात, फलकही लावलाय.

मंगळवारचं कुणी सांगत नव्हतं.
वीस वर्षांनी मीच विचारलं, ओली चादर पिळताना:
हा वार माझ्याआधी कुणाचा?

ओटिलीबाईंनी त्यांच्याकडचं टोक सोडलं नाही.
"माझा. त्याआधी आईचा.
त्याआधी माल्विने ग्लासरचा, अडतीसपर्यंत.
ज्यू म्हणून घर खाली करा, असं पत्र आलं तिला.
वार मोकळा झाला. आईने अर्ज केला.
आमचा शनिवार होता ना, शेवटचा,
पाणी कोमट व्हायचं तोवर."

मग बराच वेळ नुसतं पिळणं.
"तू आलीस तेव्हा मी शनिवार परत मागून घेतला, मिलुंका."

मी समजत होते, माझ्यावर उपकार केला.

आता घरात मशीन आहे. तरी मी खाली जाते.
परवा जिना चारची हेवीन आली, अलेप्पोची,
दोन लहान पोरं, मशीन बिघडलेलं:
मावशी, तुमचा मंगळवार द्याल?

देईन म्हटलं. पण आधी नाव म्हण.
ग्लासर.
ती म्हणाली, कोण?
म्हटलं, आधी म्हण, मग सांगते. टोक धर.