कार्यकारी प्रमाण

सागवानी पेटी, आत निळं मखमल,
मखमलीत खड्डे, खड्ड्यांत पितळी वजनं.
एकतीस वर्षं ही पेटी घेऊन
सांगलीच्या मार्केट यार्डात काटे तपासत हिंडलो.
तोंडावर लोक साहेब म्हणत,
पाठीमागे काय, ते हळदीच्या पोत्यांना ठाऊक.

सौद्याच्या दिवसांत यार्डात हवाच पिवळी.
नेमगोंडा मगदूम, तोलारी:
दिवस बुडाला की तोंडात घास घालायचा नाही.
रंगराव सकटे, हमाल:
बायकोच्या दहाव्यालाही कावळ्यासाठी न थांबलेला.
दुपारच्या चहाला दोघांचं ठरलेलं भांडण.

"आमच्यात वर कुणी वही घेऊन बसलेलं नाही, रंगू.
कर्म हे असं असतं," नेमगोंडा बाही झटकायचा,
"बारीक. उडतं. जिवाला चिकटतं.
धुऊन निघत नाही, झिजवावं लागतं."

"चिकटतंय ते मलाबी दिसतंय.
पन जिवाला न्हाय, सदऱ्याला.
ही आरगची बाई काट्याकडं डोळं लावून उभी हाय,
तिच्यासाठनं नीट तोलायचं. आनि कशाला कारण पायजे?"

"आणि ती बघत नसली तर?"

रंगराव बशी पालथी घालायचा.
तेवढ्यात एखादा ट्रक मागे येऊन लागायचा
आणि प्रश्न तिथंच पोत्यावर राहायचा.

मी दोघांचे अंगठे बघायचो.
पारड्यापासून सारखेच लांब.

माझं वजन तरी खरं कशावरून?
ते वरच्या कचेरीतल्या वजनाशी ताडलेलं,
ते दिल्लीच्या,
दिल्लीचं पॅरिसजवळ एका तळघरात
काचेच्या घुमटांखाली जपलेल्या ठोकळ्याशी.
आणि तो?
तो खरा, कारण तो तो.
मग कधीतरी वाचलं, शंभर वर्षांत
त्याच्यात आणि त्याच्या जुळ्या भावंडांत
बोटाच्या ठशाएवढा फरक पडलाय.
तो झिजला की ती वाढली, सांगता येईना.
विचारणार कुणाला?
दोन हजार एकोणीसला तोही निवृत्त झाला.
आता किलो एका आकड्यावर उभा आहे,
जो कुणी कधी हातात धरलेला नाही.

त्याच साली कृष्णा मारुती चौकात शिरली.
शाळेच्या व्हरांड्यात, वीज गेलेली,
नेमगोंडा रात्री अकराला खिचडी वाढत होता,
स्वतः उपाशी.
पातेलं रंगरावनं धरलेलं.
काटा नव्हता, माप नव्हतं.
अंधारात कुणाच्या ताटात किती,
त्या डावाला कोण सांगत होतं?

आता माझं सांगतो.
हरिपूर रस्त्यावरची एक आडत,
पोत्यामागे चारशे ग्रॅम मारणारा काटा,
आणि एक पाकीट.
मी शिक्का मारला.
तेव्हा मी देव मानत होतो, हे सांगितलं पाहिजे.
कायदा तर मीच होतो.
दोघेही तिथं हजर होते म्हणा ना,
दोघांनीही हात धरला नाही.
पंधरा दिवस भात गिळवेना.
सोळाव्या दिवशी जाऊन काटा जप्त केला,
पाकिटातले दोनशे खर्च झालेले,
ते घालून पाकीट परत ठेवलं.
आडत्या हसला. म्हणाला, "कुणी पाहिलं का काय, साहेब?"

अजून मला सांगता येत नाही, कुणी.

नेमगोंडा गेला. त्याच्या दारात दिवसभर
रंगराव चपला सांभाळत बसून होता.
मलाही सुटायचा दिवस आला.
माझ्या जागी तहसीन पटवेगार, मिरजेची पोरगी,
पेटी उघडून पावतीवर सही करता करता म्हणाली,
"सर, हे बरोबर एक किलो आहे ना?"

"मार्चमध्ये होतं," म्हणालो. "आता तपासून बघ."

तिनं उघडा हात पुढे केला.
मी थांबवला, खिशातलं फडकं दिलं,
धुऊन धुऊनही पिवळं राहिलेलं.
हाताचा घामही चढतो, बाळ, वजनात.