आधी अंघोळ

तलावात उतरण्याआधी साबण लावून अंघोळ करायची,
अंगावर चिंधीसुद्धा न ठेवता.
भिंतीवर चित्र आहे: एक माणूस,
डोकं, काखा, जांघा, पावलं लाल रंगात.
ते कळायला कुठलीच भाषा लागत नाही.
तरी ज्यांना कळत नाही, त्यांच्यासाठी मी आहे.

एकवीस वर्षं बोटीवर कॉड चिरला.
पाठ गेली, तेव्हा नगरपालिकेनं हे स्टूल दिलं,
रेक्याविकच्या या तलावावर,
पुरुषांच्या न्हाणीघराच्या दाराशी,
जिथं गरम पाण्याला गंधकाचा वास येतो
आणि आता मलाही.

तो फेब्रुवारीत आला. सकाळचे साडेसहा, बाहेर मिट्ट काळोख.
डोळ्यांवर काळा चष्मा. चड्डी कोरडी, केस कोरडे,
सरळ तलावाकडे निघालेला.
म्हटलं, "मागे फिरा. आधी अंघोळ."
सोबतचा धिप्पाड गडी पुढे सरसावला,
हळूच म्हणाला, "हे कोण, ठाऊक नाही का तुम्हाला?"
"आहे ना. अंघोळ न केलेला माणूस.
आणि तुम्ही दुसरे."

तो हसला नाही. चिडलाही नाही.
चष्मा काढून माझ्या हातात ठेवला,
वर्गात पकडलेली चिठ्ठी पोरगं देतं तसा,
आणि गेला नळाखाली.
नडगीवर जुना व्रण, पोट जरासं सुटलेलं,
उजव्या पायाचा अंगठा तेवढा भलताच मोठा.

मग अकरा दिवस रोज आला,
गड्याला गाडीतच बसवून.
बेचाळीस अंशांच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडायचा,
डोक्यावर बर्फ भुरभुरतंय, शेजारी म्हातारा ह्याल्ती
आपल्या पित्ताशयाची गोष्ट सांगतोय,
रोज पुन्हा पहिल्यापासून.
एकदा ह्याल्तीनं विचारलं, "तू काय करतोस?"
"गातो."
"बरं. थंडीत घसा जप,"
ह्याल्ती म्हणाला, आणि पित्ताशयावर परत आला.

माझी नात साल्का, चौदा वर्षांची.
तिला कुठूनसं कळलं.
"आबा, तुम्ही त्याला परत पाठवलंत? त्याला?"
दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी राहवेना: जवळून कसा दिसतो?
मी पुष्कळ आठवून सांगितलं, "पाय नीट पुसतो.
कपड्यांच्या खोलीत थेंब सांडत नाही.
असे शंभरात चार."
तिनं उशी फेकून मारली.

मग फोनवर त्याचं गाणं लावलं.
ऐकलं शेवटपर्यंत, कॉफी निवू दिली.
आवाज चांगला आहे. ढोल जास्त आहेत.
पण नळाखाली, पाठीवर पाणी घेताना
तो काहीतरी गुणगुणायचा, दोनच ओळींचं,
कुठल्या भाषेतलं कोण जाणे, सूर जरा घसरलेला,
पाळण्याशी पेंगत बसलेल्या बाईसारखा.
विचारलं, ते आहे का यात?
साल्कानं बराच वेळ शोधलं.
नव्हतं.

त्याची लोकरीची टोपी राहून गेलीय,
हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात, एका पोराच्या मोज्याशेजारी.
नियम दहा आठवड्यांचा. मग टाकून द्यायची.
साल्का विचारते, किती आठवडे झाले.
गेला महिनाभर मी सांगतोय:
नऊ.