दुसरं दार

निल्दा,
काल कात्री तशीच हातात धरून तू विचारलंस,
मीही वेबसाइट करून घेऊ का रे?
तेव्हा माझ्या तोंडात दोन स्क्रू होते,
म्हणून आज सांगतो.

माझी केली भाचीनं, यामिलानं,
इथं पाइसांदूला सुट्टीत आली होती तेव्हा.
टेबलावरचे भाते बाजूला सारून लॅपटॉप ठेवला
आणि म्हणाली, मामा, तू काय करतोस
ते तीन ओळींत सांग.

एकेचाळीस वर्षांत
हे मला कुणी विचारलंच नव्हतं.
लोक पेटी उघडत, मी भाता ओढून बघे,
कुठला सूर घसा बसल्यासारखा निघतोय
ते दोघांनाही ऐकू येई,
झालं, बोलणं संपलं.

तीन ओळींना तीन दिवस लागले.
पहिल्या दिवशी नुसतं वडिलांबद्दलच लिहिलं गेलं.
दुसऱ्या दिवशी विश्वासू, दर्जेदार,
बँकेच्या कॅलेंडरवर असतात तसले शब्द.
तिसऱ्या दिवशी:
बँडोनिअन दुरुस्त करतो.
जुने सूर शक्यतो बदलत नाही.
घाई असेल तर येऊ नका.
शेवटची ओळ यामिलानं खोडली.
मी परत लिहिली.

फोटोसाठी तिनं दुकान आवरलं.
पुढे आठवडाभर मला बारीक पकड सापडेना.

मग वेळ विचारली.
सोमवार ते शुक्रवार, नऊ ते सहा, मी म्हणालो,
पाटीवर वडिलांच्या काळापासून रंगवलंय तेच.
पण पाटी वाचणाऱ्याला गल्ली माहीत असते, निल्दा.
नदी चढली की मी गळ घेऊन काठावर असतो
हे त्याला ठाऊक असतं.
तो पेटी तुझ्याकडे ठेवतो,
माझ्या नावानं दोन शिव्या देतो, घरी जातो.

ऑगस्टातला गुरुवार. हाडं गोठवणारी थंडी.
तू लेकीच्या बाळंतपणाला माँटेव्हिडिओत.
साल्तोहून बसनं एक बाई आली, ओफेलिया बेरुत्ती,
मांडीवर नवऱ्याची पेटी.
नवरा जाऊन सहा वर्षं झालेली.
सकाळी दहापासून माझ्या पायरीवर बसली होती,
थर्मासमधलं पाणी संपलेलं, मातेची पानं गार.
अंधार पडता पडता मी आलो, हातात दोन मासे.
तिनं घडी घातलेला कागद उलगडला, छापून आणलेला,
त्यावर माझ्याच तीन ओळी.
इथं गुरुवार लिहिलाय, एवढंच म्हणाली.
भांडली असती तर बरं वाटलं असतं.
मी काहीतरी पुटपुटलो, नदी वगैरे.
ती म्हणाली, घाई असेल तर येऊ नका, असंही लिहिलंय.
मला घाई नव्हती. म्हणून तर थांबले.

तर असं आहे.
पैशाचं विचारशील, तर पैसे फार लागत नाहीत.
दर मार्चला एक बिल येतं,
ते यामिलाच्या नावावर, पासवर्ड तिच्या फोनमध्ये,
आणि ती गेली व्हॅलेन्सियाला.
यंदा अकरा दिवस माझं दुकान तिकडून नाहीसं झालं होतं.
मी इथं रोज शटर वर करत होतो,
मला पत्ताच नाही.
तुझं करशील तर नाव तुझं घाल, बिल तुझ्या हातात ठेव.

आणि तू झगा बेतताना गुडघ्यावर बसतेस,
एक डोळा मिटून खालची कड बघतेस,
समोरची पोरगी श्वास रोखून उभी राहते.
ते त्या पानावर कसं मावणार, मला माहीत नाही.
यामिलाला विचार. तिला सुचेल काहीतरी.

दार काढणं अवघड नाही गं.
फक्त ते आपण झोपलो तरी उघडंच राहतं,
आणि कोण किती वेळ उभं होतं
ते सकाळी कळत नाही.

ओफेलियाबाईंची पेटी ऑक्टोबरात झाली.
डावीकडचा एक सूर अजून जरा बसकाच आहे,
तो तसाच राहू दे म्हणाल्या.

आता गुरुवारी नदी चढली तरी
मी दुकानातच असतो.
बहुतेक वेळा कुणी येत नाही.