त्या ओळीवरचा खोकला

नोव्हेंबरात साईबीण आमच्या वाड्यावर येते.
एक रात्र एका घरी, दुसऱ्या रात्री शेजारी,
उघड्या लाकडी पेटीत हातभर उंचीची माउली.
पुढे मेणबत्त्या, मागे पोरांची ढकलाढकली,
तेर्स संपला की कागदाच्या पुडीत
उकडलेले चणे, खोबऱ्याचे तुकडे.

लोटलीत हा क्रम कुणी ठरवला, ठाऊक नाही.
मोंतेरूच्या घरून माझ्याकडे,
माझ्याकडून इनासकडे.
इनास माझा भाऊ.
मध्ये एक विहीर आहे,
आणि मडगावच्या कोर्टात तिची अकरा वर्षांची फाईल,
विहिरीहून खोल.

इतकी वर्षं सोय होती.
आर्तेमिज मावशी माझ्या पायरीवरून पेटी उचलायची,
त्याच्या पायरीवर ठेवायची.
वीस पावलं ती माझ्याऐवजी चालायची.
ऑगस्टात ती गेली.

मी जहाजावर कुक होतो.
शांती शोधायची तर दर्यावर जा, म्हणतात लोक.
खोटं आहे. दर्यावर रात्रभर इंजीन बडबडतं.
रॉटरडॅम, सांतोस, डर्बन, मिळेल तिथे मिस ऐकली,
आणि भांडण झाल्यापासून
प्रत्येक ठिकाणी एकाच जागी खोकलो.
आमच्या बापा म्हणताना ती ओळ येते ना,
क्षमेची, अटीसकट,
तिथे मला ढास लागते.
मावशीला कळलं होतं.
तेर्स सांगताना नेमकी त्याच ओळीला
ती आवाज चढवायची.

त्या रात्री माणसं गेली, बायको निजली.
दिवा विझू द्यायचा नाही, म्हणून मी खुर्ची ओढून बसलो.
मागितलं काही नाही. खरं सांगायचं तर
मनात वकिलाची फी चालली होती.
मग तिच्या नाकाकडे लक्ष गेलं:
शेंड्याचा रंग उडालेला, आतलं लाकूड उघडं.
किती दारांच्या चौकटींना लागत आली असेल.
जिथे रोज ताटं आपटतात
तिथेही एक रात्र राहिली,
आणि कुठल्याच घरात विचारलं नाही तिने,
विहीर कुणाची.

तीनच्या सुमारास काहीतरी झालं.
काय झालं, ते सांगायला मी पाद्री नाही.
जहाज धक्क्याला लागतं, इंजीन बंद करतात,
आणि तेव्हाच कळतं
की इतके दिवस ते चालू होतं.
तसं.
दिवा होता. घड्याळ होतं. मी होतो.
कुणीतरी मला पोचवलं होतं.

सकाळी भीती वाटली ती एकच:
हे एकट्याने ठेवलं तर आंबणार,
कालच्या पेजेसारखं.
टोपात उरलं की झाकण घालून शेजारी पाठवायचं,
ही आईची रीत. तेव्हा शेजारी परके होते.
आता शेजारी भाऊ राहतो, एवढाच फरक.

संध्याकाळी पेटी मीच उचलली.
वीस पावलं. विहिरीला वळसा.
इनासने दार उघडलं, कोण आहे ते पाहिलं,
बोलला नाही. बाजूला झाला फक्त,
तिच्यासाठी की माझ्यासाठी, मी विचारलं नाही.
पायरीवर ठेवून परतायचं ठरवलं होतं.
पण पेटी जड,
आणि आत आल्तारावर जागा केलेली,
आमच्या आईबापाच्या फोटोखाली.

तेर्स सुरू झाला. आमच्या बापा.
ती ओळ आली. मी ढासेची वाट पाहिली.
आली नाही.
ओळ तोंडातून सरळ निघून गेली,
जशी काही माझीच होती.

खोकला इनास.

मोठा, ओला, बापाच्या जातीचा खोकला, थांबेना.
मावशी असती तर तिने आवाज चढवला असता.
मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो.
माठ तिथेच होता, डावीकडे, खिडकीखाली.
पेला भरून त्याच्या हातात दिला.
पाणी त्याच विहिरीचं.

कोर्टाची तारीख चौदाला आहे.
बघू.