पासंग

गुरुवारी दवाखाना मिटला की मी आतून कडी लावते.
लिएपायात नोव्हेंबरचा वारा दारं हलवून बघत फिरतो,
पण कान तपासायच्या खोलीत त्याची डाळ शिजत नाही.
भिंतींत वीतभर लोकर, दाराला दुहेरी रबर;
सगळ्या गावात शांत अशी साडेचार चौरस मीटर जागा,
आणि तिची किल्ली माझ्याकडे.
म्हणून ते दोघं येतात.

आयवार्सचा ॲम्प्लिफायर स्प्रॅट माशांच्या डब्यात आहे.
जुन्या बोटीच्या रेडिओतले दोन व्हॉल्व्ह वर डोकं काढून,
तापले की डब्याला अजून धुराचा वास सुटतो.
"माशांचा धूर आहे, जळत काही नाही,"
तो आल्या आल्या सांगून टाकतो.

तालिवाल्दिसची ॲल्युमिनियमची पेटी. कडा कानशीने गोल केलेल्या,
आत नखाएवढ्या चिपा, सगळे ग्राउंड एका बिंदूत आणून बांधलेले,
आणि अडीच वर्षं.

आधी आकडे.
डब्याची विकृती एक टक्क्याला जरा कमी.
पन्नास हर्ट्झवर गुणगुणीचा एक काटा,
कापणीत राहून गेलेल्या ताटासारखा उभा.
पेटीची: शून्य, टिंब, मग तीन शून्यं, मग तीन.
खाली नुसतं गवत.
"हे गवत माझं नाही," तालिवाल्दिस म्हणाला,
"यंत्राचं आहे. मी त्याच्याही खाली आहे."
पेटी काढून नुसत्या यंत्राचं तोंड बांधून पाहिलं. खरंच तेवढंच गवत.
रिकाम्या तराजूचं पारडं जितकं झुकतं
तितकंच पेटी ठेवून झुकलं होतं.
डबा तर त्या पासंगालाही पुरत नव्हता.
आयवार्सने खांदे उडवले, राईचा पाव कापला.

मग ऐकणं.
पातळी दशांश डेसिबलपर्यंत जुळवली,
स्विच माझ्या हातात, त्यांच्या पाठी माझ्याकडे.
वीस फेऱ्या, प्रत्येकीआधी नाणं उडवून.
आयवार्स: सतरा बरोबर.
"वाजताना नाही कळत," तो म्हणाला,
"थांबलं की कळतं. माझा डबा मागे सुरसुरतो,
तापल्या तव्यावर थेंब पडल्यासारखा."
तालिवाल्दिस: दहा.
दहा तर नाण्यालाही जमले असते.

पुन्हा, तो म्हणाला. नऊ.
हेडफोन बदलले. अकरा.
पाव तसाच राहिला.

कोणी काही म्हणालं नाही. तो आपणहून
दिवसा माझे पेशंट बसतात त्या खुर्चीत बसला,
बटण हातात घेतलं. "तुझं ते पिप-पिप लाव."

दोन हजार हर्ट्झपर्यंत सपाट रस्ता.
मग कडा.
पोलाद कारखान्यात सत्तावीस वर्षं, रोलिंग मिलच्या शेजारी,
हे मला आधीपासून ठाऊक होतं.
त्याची पेटी दोन लाख हर्ट्झपर्यंत रेसभर ढळत नाही,
हेही.

दोन्ही कागद त्याने टेबलावर शेजारी ठेवले.
"तुमच्याकडे रेघ खाली गेली म्हणजे वाईट?"
"हो."
"आमच्याकडे खाली म्हणजे चांगलं."
माझा कागद त्याने उलटा फिरवला
आणि त्याच्याकडे चढणीकडे बघावं तसं बघत राहिला.
आयवार्स हसला. मग नाही हसला.

या जागी बोलायची चार वाक्यं मला पाठ आहेत,
रोज बोलते. वय, गोंगाट, हल्लीची यंत्रं,
घरच्यांना घेऊन या.
एकही बाहेर आलं नाही.

त्याने पेन्सिल काढली. प्रत्येक मोजणीखाली लिहितो तसं
कोपऱ्यात तारीख, खोलीचं तापमान, एकोणीस अंश.
'लोड' असं लिहिलं, पुढे तीनशे ओहम लिहायचा तिथे थांबला,
स्वतःचं नाव लिहिलं.

मग आयवार्सला म्हणाला,
"ती सुरसुर. कशी असते, करून दाखव."

आयवार्सने दातांतून हवा सोडली, लांब.
तालिवाल्दिस पुढे वाकून
त्याच्या ओठांकडे बघत होता.